शेवटच्या दांड्याचं माप

१

टूल फुटलं तेव्हा पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'अजून अकरा मिनिटं'.

मी चार पावलांवर उभी होते. आधी किंचाळल्यासारखा आवाज आला, मग फटाक्यासारखा. लेथच्या पुढच्या जुन्या काचेला भगदाड पडलं आणि यंत्रावर उभा असलेला कारागीर, आम्ही सगळे ज्याला भाचा म्हणतो तो, डोळा धरून खाली बसला. त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं. आणि पडद्यावरची अकरा मिनिटं शहाण्यासारखी दहा झाली, मग नऊ. ती बंद करायचं कोणाला सुचेना.

ही आमच्या संशोधनाची पहिली जाहीर चाचणी होती, एका कारखान्यात. लोखंड कापणारं टूल झिजत जातं आणि कधीतरी फुटतं. ते कधी फुटणार हे यंत्राच्या आवाजावरून आणि थरथरीवरून कॉम्प्युटरने आधीच सांगायचं, असं ते संशोधन. लेथवर, म्हणजे लोखंडाचे दांडे कातायच्या यंत्रावर, सेन्सर बसवायचे, साठ टूल झिजेपर्यंत चालवायची, त्या साठ टूलच्या नोंदींवरून कॉम्प्युटर शिकणार. आम्ही त्या यंत्रणेला 'कान' म्हणायचो. पाच वर्षांचं काम. ते करणाऱ्या मुलीला वर्कशॉपमध्ये सगळे 'ठिणगी' म्हणतात, कारण बोलायला गेलं की चटका बसतो.

आणि मी मापन कक्षाची बाई. तीस वर्षं या संस्थेत केसाच्या शंभराव्या भागाएवढी मापं घेतेय. मी एकदा सही केली की कोणी परत मोजत नाही. याचा मला माज होता, आत्ताच सांगून ठेवते.

सोमवारी सकाळी विभागप्रमुख सरांनी बोलावलं. सरांचा चेहरा उतरला होता.

"शुक्रवारी समिती बसतेय," सर म्हणाले. "ठिणगीने आकडे बनवले असा संशय आहे. सिद्ध झालं तर तिची पीएचडीची नोंदणी रद्द. पाच वर्षं पाण्यात, आणि पुढे कुठलीही संस्था तिला दारात उभं करणार नाही."

"सर, ती पोरगी आकडे बनवणारी नाही."

"मलाही तसंच वाटतं हो. पण हे बघा." त्यांनी एक आलेख पुढे सरकवला. "पहिली छत्तीस टूल सरासरी चौतीस मिनिटं टिकली. सदतिसाव्यापासून पंचेचाळीस! एकदम अकरा मिनिटं जास्त. टूल त्याच खोक्यातली, पोलाद त्याच लॉटमधलं. यंत्र नीट चाललं होतं, ते तर तुमच्याच तक्त्यात आहे. प्रत्येक टूलने कापलेला पहिला दांडा आणि शेवटचा दांडा, दोन्हींवर टूलने उमटलेल्या रेघा सारख्या अंतरावर. खाली तुमची सही. मग उरतं काय? आकडेच कोणीतरी वाढवले."

मी आलेख परत त्यांच्याकडे सरकवला.

"बाहेरचा माणूस आणण्यापेक्षा तुम्हीच शोधा, बाई. तुमच्या शब्दावर समितीचा विश्वास आहे. आणि हो, तक्ते बरोबर आहेत ना? उगाच आपलं विचारलं."

"म्हणजे काय? माझे तक्ते आहेत ते!" मी ठसक्यात म्हणाले.

म्हणाले खरं, पण सर पुढे काही विचारायच्या आत तिथून निघाले. का ते सांगते, जरा दमानं. माझाही धीर गोळा व्हायचाय.

२

ठिणगी दुपारी माझ्याकडे आली. येताना दार आपटून आली, म्हणजे ठीक आहे असं मला वाटलं. पण खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

"बाई, भाच्याच्या डोळ्याचं काय म्हणाले डॉक्टर?"

"पट्टी काढल्यावर कळेल."

"मला झोप नाही. डोळे मिटले की अकरा मिनिटं दिसतात." तिने ओढणीने नाक पुसलं. "आणि सगळे माझ्याकडे असं बघतात की जणू मीच... मी एक आकडा बदललेला नाही. एकही!"

मी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. ती घटाघटा प्यायली. मी म्हणाले, "छत्तीस आणि सदतीसच्या मध्ये काय झालं ते आठव. काहीतरी बदललं असणार."

"तारीख बदलली. तुम्हाला माहितीय की. सरांनी चाचणी महिनाभर अलीकडे आणली. चोवीस टूल राहिली होती आणि तीन आठवडे. नुसती धावपळ. आधी मी लेथजवळ उभी राहायची. मग मी काचेपलीकडे कॉम्प्युटरवर बसायला लागले, इकडे आपले लेथवाले मामा एकटेच यंत्र चालवायचे. ते ओरडून सांगायचे, 'झालं गं!' की मी वेळ लिहायची."

"वेळ घड्याळात बघून?"

"घड्याळात बघून, वहीत पेनाने. मग कॉम्प्युटरमध्ये. वही दाखवू?" तिने खरंच वही काढली. तेलाचे डाग पडलेली, खाडाखोड न केलेली. "आणि एक बरं झालं होतं बघा. आधी दर पाचेक टूलमागे एखादं नीट झिजायच्या आधीच फुटायचं. मग तो प्रयोग टाकून द्यायचा, परत करायचा. सदतीसपासून एकसुद्धा फुटलं नाही. मी म्हटलं, चला, नशीब उघडलं."

नशीब! तीस वर्षांत मी पोलादाला नशीब असलेलं पाहिलं नाही. पण त्या वेळी मी ते नुसतं कागदावर टिपून घेतलं.

ठिणगी उठली, दारापर्यंत गेली, परत फिरली. "बाई, एक गोष्ट सरांना सांगितली नाही. चाचणीच्या आदल्या रविवारी माझी आकड्यांची फाइल कोणीतरी उघडली होती. मी त्या दिवशी इथे नव्हतेच."

"कोणाच्या नावावर उघडली?"

"ढापण्याच्या."

३

ढापण्या आमचा प्रोग्राम लिहिणारा. जाड भिंगं, खिशात तीन पेनं, आणि ठिणगीशी वर्षभर अबोला. 'काना'चा सगळा प्रोग्राम त्याने लिहिला, आणि प्रबंधावर नाव तिचं. हे त्याला खुपायचं, आणि ते खुपतंय हे तो लपवायचाही नाही.

मंगळवारी मी त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. "रविवारी काय करत होतास रे इथे?"

त्याचे कान लाल झाले. "काही नाही. काम."

"कोणाच्या फाइलमध्ये?"

"बाई, प्लीज..."

"प्लीजबिज नको. एका माणसाचा डोळा जाण्याची वेळ आलीय आणि एका मुलीचं आयुष्य. तू तोंडाला कुलूप लावून बसणार असशील तर मी आत्ता सरांकडे जाते."

तो दोन मिनिटं चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "मी कॉपी केली. सगळे आकडे. माझा वेगळा निबंध पाठवायचा होता, माझ्या एकट्याच्या नावाने. तिला न विचारता." त्याने मान खाली घातली. "चोरी म्हणा. पण बदललं काहीच नाही."

"हे मी कशावरून मानायचं?"

"माझी कॉपी आहे ना! त्या रविवारची. तिची आजची फाइल घ्या, ओळीला ओळ लावा." त्याने पडद्यावर दोन्ही शेजारी उघडल्या. मी ठिणगीची वही मांडली. आम्ही दोघांनी दोन तास बसून साठच्या साठ टूलच्या वेळा ताडून पाहिल्या. वही, फाइल, कॉपी. एका सेकंदाचा फरक नाही.

"म्हणजे नंतर कोणी आकडे बदलले नाहीत," मी म्हणाले.

"नाही. ज्या वेळा लिहिल्या त्याच आहेत." ढापण्याला एवढं सुटल्यासारखं वाटलं की तो चक्क हसला. "टूल खरी, पोलाद खरं, आकडे खरे. मग कोण राहिलं? यंत्र. आणि यंत्राला तर तुमचं प्रमाणपत्र आहे. म्हणजे बाई, आता फक्त तुम्ही राहिलात!"

तो गंमत करत होता. मीही हसले. आणि ठिणगीची वही जरा घाईनेच मिटली.

संध्याकाळी सरांना हे सांगितलं. त्यांनी सुस्कारा सोडला. "मग तिने वहीतच खोटं लिहिलं. पंचेचाळीस मिनिटं टिकवायला यंत्रात काहीतरी वेगळं व्हायला हवं होतं, आणि ते झालं नाही, असं तुमचा तक्ता म्हणतो. समिती याच्यापुढे जाणारच नाही, बाई. शुक्रवारच्या अहवालात तिचं नाव टाइप करून झालंय."

तेव्हा मला नीट कळलं की ठिणगीच्या गळ्यातला फास कशाचा आहे. वहीचा नाही, फाइलचाही नाही. माझ्या सहीचा.

४

मामा या वर्कशॉपचे सगळ्यात जुने कारागीर. खरं तर ते एकट्या भाच्याचेच मामा. तो इथे त्यांच्या हाताखाली लेथ शिकला, दिवसभर 'मामा, मामा' करायचा, म्हणून मग सगळ्या संस्थेने त्यांना मामा करून टाकलं. आणि त्याला सगळे भाचा म्हणू लागले. पुढे तो त्या कारखान्यात नोकरीला लागला. चाचणीला कारखान्याने त्यालाच उभं केलं. आपल्या माणसाचं यंत्र आहे, असं म्हणून तो खुशीत उभा राहिला होता.

बुधवारी मी गेले तेव्हा मामा लेथवर होते. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"रोज जातो दवाखान्यात," ते म्हणाले. "तो हसतो. मला म्हणतो, मामा, दुसरा आहे की. बहिणीला तोंड कसं दाखवू सांगा बाई? तिने त्याला माझ्या ओटीत घातलं होतं."

"तुमचा काय दोष, मामा?"

"माझा दोष नाही कसा? ज्या लेथवर त्या 'काना'ला शिकवलं, तो मी चालवला ना."

यंत्र सुरूच होतं. मामा माझ्याकडे तोंड करून बोलत होते. मध्येच टूलचा आवाज किंचित चिरका झाला. मामांचा डावा हात मागे पॅनेलकडे गेला आणि परत आला. आवाज मऊ झाला. त्यांचं वाक्य मध्ये तुटलंसुद्धा नाही.

मी सरळ विचारलं. "मामा, सदतिसाव्या टूलपासून तुम्ही प्रोग्रामला हात लावलात? वेग बदललात? टूल बदललंत?"

"देवाशपथ नाही." त्यांनी गळ्याला हात लावला. "प्रोग्राम ठिणगी भरून द्यायची, मी बटण दाबायचो. तिच्या कामात मी लुडबुड करेन? लेकीसारखी आहे ती मला."

मामा खोटं बोलत नाहीत. तीस वर्षांत एकदाही नाही. मग मी कोणाला शोधत होते?

निघताना मी म्हणाले, "एकही टूल फुटलं नाही म्हणे शेवटच्या चोवीसांत."

"सरांनी हात जोडले होते ना माझ्यापुढे. 'मामा, आता परत करायला वेळ नाही, एकही टूल फुटू देऊ नका.'" मामा पहिल्यांदाच थोडे हसले. "नाही फुटू दिलं."

५

गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात गेले. भाचा उशीला टेकून बसला होता. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. शेजारी त्याची बायको डबा भरत होती. तिने मला खुर्ची दिली आणि बाहेर गेली. जाताना माझ्याकडे जे पाहिलं त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतला?" पस्तिशीचा बाप्या, पण माझ्यासमोर अजून विद्यार्थ्यासारखा सावरून बसतो.

"मला एवढंच सांग, टूल फुटायच्या आधी काय झालं?"

"ओरडत होतं ते. चांगलं दीड-दोन मिनिटं ओरडत होतं."

"मग थांबवलं का नाहीस?"

"मी सरांकडे पाहिलं. सर पडद्याकडे बघत होते. पडद्यावर हिरवं. साहेब लोक उभे. सर म्हणाले, चालू दे, अजून वेळ आहे. मला वाटलं, एवढा मोठा अभ्यास केलाय, साठ टूल ऐकलीत त्याने. आपल्यापेक्षा त्याला जास्त कळत असेल." तो थांबला. "तरी माझा हात गेलाच होता नॉबकडे. पण चाचणीसाठी नॉबला कुलूप घातलं होतं."

"कुठला नॉब?"

"फीडचा हो. टूल पुढे सरकण्याचा वेग. आवाज चिरकला की तो थोडा मागे घ्यायचा. टूल शांत होतं, अजून थोडा वेळ तगतं. बंद पडू देत नाही आपण, सांभाळून घेतो. सवयच आहे हाताची. मामा तर बोलता बोलता..."

तो एकदम गप्प झाला.

मला मामांचा कालचा हात दिसत होता. मागे गेलेला आणि परत आलेला, वाक्य न तोडता.

आमचा लेथ जुना. त्याच्या नोंदीत प्रोग्राममधला वेग उतरतो, नॉब किती मागे घेतला ते उतरत नाही. आणि मामांच्या लेखी ती ढवळाढवळ नव्हतीच. कोणी मला विचारलं, बोलताना पापणी मिटलीस का, तर मीही नाहीच म्हणेन.

साठ टूल ऐकून 'कान' काय शिकला? पहिल्या छत्तिसांत टूल ओरडलं की संपायचं. तेव्हा ठिणगी शेजारी उभी असायची. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मध्ये काहीच करायचं नाही, म्हणून मामा दोन्ही हात खिशात घालून उभे राहायचे. पुढच्या चोवीसांत टूल ओरडायचं आणि मग अकरा मिनिटं जगायचं. 'काना'ला दिसलं की ओरडल्यावरही अकरा मिनिटं असतात. त्या अकरा मिनिटांमागे एका माणसाचा हात होता, हे त्याला कोण सांगणार?

भाच्याने माझं मनगट धरलं. त्याला हे कधीच कळलं होतं, मला आत्ता कळत होतं.

"बाई, पाया पडतो. हे मामाला सांगू नका. तो जगायचा नाही."

६

दवाखान्यातून मी तडक माझ्या कक्षात आले आणि आतून कडी लावली.

आता सांगते.

नॉब मागे घेतला की दांड्यावरच्या रेघा जवळजवळ येतात. टूल एका फेऱ्याला जेवढं पुढे सरकतं, तेवढंच दोन रेघांमधलं अंतर. हे लपत नाही. म्हणूनच ठिणगीने प्रयोग आखताना लिहून ठेवलं होतं की प्रत्येक टूलचा पहिला आणि शेवटचा दांडा मापन कक्षात पाठवायचा, बाई दोन्ही मोजतील. यंत्र मध्येच वेगळं वागलं तर तिथे पकडलं जाईल. पोरीने सगळा विचार केला होता. तिने पहारा बसवला होता, आणि पहाऱ्यावर मी होते.

पहिली छत्तीस टूल मी दोन्ही दांडे इमानदारीत मोजले. दर वेळी शेवटच्या दांड्याचं माप पहिल्याएवढंच. वीस शतांश मिलिमीटर. छत्तीस वेळा वीस. मग तारीख अलीकडे आली, सर दिवसातून तीनदा फोन करायला लागले, माझी मान आखडली होती. हे सगळं खरं आहे, पण ही कारणं नाहीत. कारण एकच: मला वाटलं, मला येतं. सदतिसाव्या टूलपासून मी पहिला दांडा मोजला आणि शेवटच्याचं माप मनाने लिहिलं. वीस. कधी एकोणीस पूर्णांक नऊ, खरं वाटावं म्हणून. कधी वीस पूर्णांक एक. आणि खाली झोकात सही. चोवीस वेळा.

सोमवारी मी सरांच्या खोलीतून घाईने निघाले ते याच्यामुळे. पण तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं की याचा त्याच्याशी काय संबंध? मोजले असते तरी वीसच आले असते.

मी कपाट उघडलं. खालच्या फळीवर चोवीस शेवटचे दांडे होते, तेलकट कागदात गुंडाळलेले, वर मामांच्या अक्षरात आकडे. एकाचाही कागद उलगडलेला नव्हता. सगळ्या चिकटपट्ट्या जशाच्या तशा.

पहिला उघडला. मोजायच्या आधीच भिंगातून दिसलं. मोजला: तेरा. दुसरा: साडेतेरा. तिसरा: बारा. मी चोवीसच्या चोवीस मोजले. पंधराच्या वर एकही गेला नाही.

सदतिसाव्या टूलच्या दिवशी मी एक कागद उलगडला असता तर त्याच दुपारी ठिणगीने मामांना दटावलं असतं, मामांनी जीभ चावली असती, आणि आज भाचा दोन डोळ्यांनी त्याच्या बायकोकडे बघत असता. पाच मिनिटांचं काम होतं.

दारावर थाप पडली. मी कडी काढली. मामा होते. "बाई, काल तुम्ही विचारलंत, मी नाही म्हणालो. पण माझ्या जिवाला चैन नाही. मी घरी हातांकडे बघत बसलो होतो..."

त्यांची नजर टेबलावरच्या उघड्या दांड्यांवर गेली. त्यांनी एक उचलला, उजेडाकडे तिरका धरला. त्यांना भिंग लागत नाही. ते स्टुलावर बसले, म्हणजे पडलेच.

"मीच," ते म्हणाले. "मीच त्याला शिकवलं आणि मीच त्याचा डोळा..."

"मामा, ऐका. तुम्ही टूल सांभाळलंत. तो तुमचा धंदा आहे. ते पकडायचं काम माझं होतं." आणि मी त्यांना माझा तक्ता दाखवला.

त्यांनी तक्ता पाहिला, दांडा पाहिला, परत तक्ता पाहिला. स्वतःच्या चुकीने त्यांचे डोळे भरले होते. माझ्या चुकीने ते कोरडे पडले.

"बाई, तुम्ही?" ते म्हणाले. "न मोजता?"

७

शुक्रवारी समितीसमोर मी दोन दांडे ठेवले आणि सगळं सांगितलं. भाच्याची विनंती मला मोडावी लागली नाही. मामा स्वतः आले होते आणि आधी तेच बोलले. नॉब, हात, सवय. समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, "पण इथे तर शेवटच्या दांड्याचं माप वीस लिहिलंय. मग हे कसं मानायचं?"

"ते माप मी घेतलेलंच नाही," मी म्हणाले. "मनाने लिहिलं. एक नाही, चोवीस."

ठिणगी भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. धीर झाला नाही.

सर घाईघाईने म्हणाले, "आपण असं करू या. 'यंत्राच्या जुनेपणामुळे नोंदीत त्रुटी' असं लिहू. मुलगी सुटेल, मामांवर ठपका नाही, आणि बाईंना निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. उगाच कोणाचं नाव कशाला?"

चांगलं सांगत होते हो. मोह झाला, खोटं कशाला बोलू.

मग मी म्हणाले, "आणि 'काना'चं काय? त्या साठ टूलवर शिकलेला 'कान' उद्या तुम्ही कुणा दुसऱ्याच्या शेजारी बसवाल. त्यालाही अकरा मिनिटं दाखवाल. चोवीस टूल खोटी आहेत असं लिहिल्याशिवाय ती कोणी काढणार नाही. मी ती खोटी केली असं लिहा. आणि तारीख कोणी अलीकडे आणली, एकही टूल फुटू देऊ नका असं कोण म्हणालं, तेही लिहा."

सरांनी हातातलं पेन बंद केलं. म्हणाले, "लिहा. मी म्हणालो."

ठिणगीचं नाव अहवालातून निघालं. तिला चार महिने मुदत मिळाली, चोवीस टूल नव्याने चालवायला. माझ्या सहीचा अधिकार त्याच दुपारी काढून घेतला. भाच्याची पट्टी त्याच आठवड्यात निघाली. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

समिती उठल्यावर मी माझ्या कक्षात येऊन बसले. ठिणगी आली. दार आपटलं नाही. हळूच लोटलं, आणि मला त्याचीच भीती वाटली.

"थँक्यू म्हणायला आले," ती म्हणाली. "तुम्ही आज बोलला नसतात तर मी संपले असते."

"थँक्यू कसलं गं. मीच तर..."

"एक विचारू?" ती बसली नव्हती. "सोमवारी मी इथे याच खुर्चीत बसून रडले. एकही आकडा बदललेला नाही म्हणाले. तुम्ही मला पाणी दिलंत. तेव्हा तुम्हाला माहीत होतं, की तुमचे आकडे बनवलेले आहेत?"

किती उत्तरं होती माझ्याकडे. की मला वाटलं संबंध नाही. की मी तेव्हा नीट जोडून पाहिलं नव्हतं. त्यातली अर्धी खरीही होती.

"हो," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मग म्हणाली, "आत्ता खोटं बोलला असतात तरी चाललं असतं, बाई. मी मानलं असतं."

आणि ती कामाला गेली. सदतिसावं टूल त्याच दिवशी लावायचं होतं.